राखीव खेळाडूंचा मार्च

परवा कामावरून परतताना गाडीची काच खाली केली आणि मार्च आत आला. आमच्या चँडलरला, या अमेरिकेतल्या वाळवंटी गावात, मार्च असाच येतो, वासावरून. इथल्या संत्र्यांच्या जुन्या बागा तोडून आमची घरं उभी राहिली, पण बिल्डरला कुठेतरी लाज वाटली असावी. गल्लीच्या तोंडाशी त्यानं दोन-चार झाडं ठेवून दिली आहेत. वर्षभर ती वाळवंटाची धूळ खात गप्प उभी असतात. मार्चमध्ये त्यांना काय होतं कोण जाणे, पांढऱ्या फुलांनी अशी लगडतात की कॉम्प्युटरच्या चिपच्या कारखान्यात दिवसभर डोक्यापासून पायापर्यंत पांढरा झगा घालून वावरणारा माझ्यासारखा कोरडा माणूससुद्धा पार्किंगमध्ये किल्ली हातात धरून उगाच उभा राहतो. मी त्याला मोहोर म्हणायचो. आमच्या मराठी मंडळातल्या शैलाकाकूंनी मला दुरुस्त केलं. "मोहोर आंब्याला," त्या म्हणाल्या. "संत्र्याला बहार. हा आंबिया बहार आहे. नागपूरच्या माणसासमोर चुकत नको जाऊ बाप्पा."

बहार आला की त्याच सुमाराला बेसबॉलवाले येतात. बाकीच्या अमेरिकेत तेव्हा अजून बर्फ असतं, म्हणून मोठमोठे संघ गाठोडी बांधून आमच्या वाळवंटात सरावाला उतरतात. याला स्प्रिंग ट्रेनिंग म्हणतात. सामने लुटुपुटीचे. हरलं तरी कुणाचं काही जात नाही, त्यामुळे खेळाडू हसतात, कुंपणापाशी येऊन सह्या देतात, आणि मैदानाच्या टोकाला हिरवळीचा जो उतार असतो तिथे माणसं सतरंज्या टाकून लोळत मॅच बघतात. क्रिकेटवर वाढलेल्या माणसाला बेसबॉल कळायला वेळ लागतो. सतरंजी लगेच कळते.

मी सांगतोय तो मार्च जरा मागचा आहे. माझी मुलगी ईरा तेव्हा सहावीत होती. आता ती गाडी चालवते आणि शेजारी बसलेल्या मला "बाबा, रिलॅक्स" असं सांगते. तेव्हा मात्र तिचं सगळं जग एका बुटांच्या खोक्यात मावायचं. तो खोका तिनं पलीकडच्या गल्लीतल्या गराज सेलमध्ये, म्हणजे घरातलं जुनं सामान दारात मांडून विकतात तिथे, उचलला होता आणि त्यात होती बेसबॉलची जुनी कार्डं. पत्त्याएवढा जाड कागद, पुढे खेळाडूचा फोटो, मागे मुंगीच्या अक्षरात त्याची सगळी कारकीर्द. एके काळी ही कार्डं बबलगमच्या पाकिटात मिळायची. काहींना अजून तो गुलाबी, शिळा, गोड वास होता. पहिल्या दिवशी मी एक कार्ड नाकाला लावलं आणि थेट पुण्याच्या आमच्या गल्लीत जाऊन पडलो. आम्ही काडेपेट्यांचे छाप जमवायचो. रस्त्यावर पडलेली काडेपेटी दिसली की शाळेला उशीर झाला तरी चालेल, पण छाप सोडायचा नाही. दोन वाघांच्या बदल्यात एक जहाज, असे आमचे भाव ठरलेले असत. ईराला हे सांगितलं तर ती म्हणाली, "सो यू कलेक्टेड ट्रॅश." मी म्हटलं, हो, आणि फार उत्तम प्रतीचा.

त्या वर्षी मी तिच्याबरोबर कार्डांत असा बुडालो की विचारू नका. पुढचे फोटो तिचे, मागची अक्षरं माझी, अशी आम्ही वाटणी करून घेतली होती. मागचं वाचता वाचता प्रश्न पडायला लागले. हा भला माणूस जन्मभर एकाच हरणाऱ्या संघात का राहिला? हा दुसरा मध्येच गाव बदलून भलतीकडे कसा गेला? मी वाचनालयातून जाड पुस्तकं आणली आणि या खेळात कोण कुणाला कसं बांधून ठेवायचं त्याचा इतिहास वाचायला बसलो. त्यात पानोपानी एक शब्द यायचा: रिझर्व्ह क्लॉज. मी मनातल्या मनात त्याचं मराठी केलं, राखीव खेळाडूंचा नियम. क्रिकेटमध्ये बारावा गडी असतो, पाणी घेऊन धावतो, तसा काहीतरी नियम असणार. त्या समजुतीवर मी कितीतरी पानं वाचली आणि मला कळेना की बाकावर बसलेल्या माणसांवरून हे लोक कोर्टात का भांडताहेत.

शेवटी ईरानं डोक्याला हात लावला. "बाबा, नॉट बेंच रिझर्व्ह. रिझर्व्ह्ड, लाइक अ टेबल."

टेबलासारखा राखून ठेवलेला माणूस. मग सगळं उलगडलं. फार जुन्या काळी संघांच्या मालकांनी आपसात ठरवलं की माझा गडी तू घ्यायचा नाही, तुझा मी घेणार नाही. खेळाडू एका वर्षाचा करार करायचा, पण त्या करारातच लिहिलेलं असे की वर्ष संपल्यावर मालकाला तो आणखी एका वर्षासाठी पुढे चालू ठेवता येईल. पुढच्या करारातही तेच. त्याच्या पुढच्याही. असं करत करत एका वर्षाचा अख्खा जन्म होऊन बसायचा. मालकाला वाटलं तर तो खेळाडूला दुसऱ्या संघाला देऊन टाकू शकत असे, विकू शकत असे. खेळाडूला वाटलं तर त्यानं घरी बसावं.

मी हे आमच्या कारखान्याच्या कँटीनमध्ये चार मराठी मित्रांना सांगितलं. एकानंही "म्हणजे काय?" असं विचारलं नाही. सगळे व्हिसावर आलेले होते, कंपनीनं धरलेले. एक जण जेवता जेवता म्हणाला, "यार, हे तर एचआरनं लिहिल्यासारखं आहे." मीही त्याच ग्रीन कार्डाच्या रांगेत कित्येक वर्षं उभा होतो. आमचं ग्रीन कार्ड आलं तेव्हा ईरानं ते उलटसुलट करून पाहिलं. पुढे वाईट फोटो, मागे बारीक अक्षरं. "दिस इज द रेअरेस्ट वन वी हॅव," असं म्हणून तिनं त्याला आपल्याकडचं प्लास्टिकचं कव्हर घातलं. अजून ते त्याच कव्हरात आहे.

आता शैलाकाकू. काकू नागपूरच्या, मुलाकडे राहायला आलेल्या, सत्तरीच्या उंबरठ्यावरच्या. लग्नाआधी त्यांनी नाटकांतून कामं केली होती आणि लग्नानंतर ते सगळं ट्रंकेत गेलं. चँडलरला आल्यावर त्या आमच्या मराठी मंडळात हौसेनं दाखल झाल्या. आवाज खणखणीत, पाठांतर पक्कं. मंडळाचे अध्यक्ष प्रभुदेसाई यांनी त्यांना लगेच ओळखलं आणि प्रॉम्प्टर करून विंगेत बसवलं.

प्रभुदेसाई वाईट माणूस नव्हे. माणूस लाख आहे. मंडळ त्यांच्या जिवावर चालतं, खुर्च्या लावण्यापासून जिलब्या मोजण्यापर्यंत. फक्त पाडव्याच्या एकांकिकेत दिग्दर्शक तेच असतात, नायक तेच असतात आणि वाक्यं त्यांना आठवत नाहीत. प्रेक्षकांना वाटायचं की काय अभिनय आहे, प्रत्येक वाक्याआधी कसा अंतर्मुख होतो. ते अंतर्मुख होऊन विंगेकडे कान लावत असत. विंगेत काकू. प्रभुदेसाईंच्या गाजलेल्या प्रत्येक भूमिकेतला प्रत्येक शब्द आधी काकूंच्या तोंडून निघालेला आहे.

त्या वर्षी पलीकडच्या गावातल्या दुसऱ्या मराठी ग्रुपच्या रेवतीनं एक एकांकिका बसवायला घेतली. रेवती तिशीतली, कामाला झपाटलेली. तिला एक म्हातारी हवी होती. एक बाई दुकानात लुगडं परत करायला येते आणि का परत करतेय ते शेवटपर्यंत सांगत नाही, अशी ती गोष्ट. तिनं काकूंना विचारलं. काकूंनी संहिता रात्रीत वाचली आणि सकाळी माझ्या घरी आल्या. मी आयुष्यात फार थोड्या माणसांचे डोळे तसे चमकताना पाहिले आहेत.

"पण अध्यक्ष नाही म्हणतात," त्या म्हणाल्या.

म्हणणारच. तो दुसरा ग्रुप आमच्यातूनच फुटून निघालेला. फुटण्याचं कारण आता कुणाला नीट आठवत नाही, त्यात मसालेभात होता एवढं नक्की. तेव्हा चिडलेल्या सभेनं हात वर करून नियम केला होता की आमच्या नाटकात एकदा काम केलेला कलाकार अध्यक्षांच्या परवानगीशिवाय त्यांच्याकडे काम करणार नाही. आणि तो बदलण्यासाठी आता सभा घ्यायला वेळ नव्हता. रेवतीला रविवारपर्यंत हो किंवा नाही हवं होतं, नाहीतर ती दुसरी म्हातारी शोधणार होती.

"मी कधी काम केलं त्यांच्या नाटकात?" काकू मला विचारत होत्या. "मी तर अंधारात बसून राहिली होती."

 'राखीव' शब्दाची माझी ती चूक बरोबर होती. टेबलासारखी राखून ठेवलेली आणि बाकावर बसवलेली, दोन्ही अर्थांनी राखीव, अशी बाई माझ्या सोफ्यावर बसून चहा पीत होती.

त्या रविवारी मंडळाची सहल स्प्रिंग ट्रेनिंगच्या मॅचला होती, आणि नाटकी माणसाला याहून चांगलं नेपथ्य मिळत नाही. हिरवळीचा उतार, निळं आभाळ, लांबून येणारा बहाराचा वास, सतरंज्यांवर दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. प्रभुदेसाई टोपी घालून मधोमध बसले होते. त्यांनाही कार्डांचं वेड होतं हे मी सांगितलं का? ईरापेक्षा जास्त. ते एका जुन्या वर्षाचा संपूर्ण संच जुळवत होते आणि त्यात एकच कार्ड कमी होतं. ते कार्ड ईराच्या खोक्यात होतं.

कार्डावरचा मुलगा कुणी मोठा नव्हे. खांद्यावर बॅट टाकून, कान पुढे काढून, दात दाखवून हसणारा पोरगा. पण त्याची गंमत नियमात होती. एके काळी श्रीमंत संघ नवी पोरं भरमसाट पैसे देऊन उचलायला लागले, तेव्हा त्यांना वेसण घालायला नियम आला: नवख्याला इतकी मोठी रक्कम देऊन सही घेतलीत ना, मग आता दोन वर्षं त्याला मोठ्या संघातच ठेवा, शिकायला लहान गावी पाठवता येणार नाही. मग काय, अशी पोरं मोठ्या संघात बाकावर बसून राहिली. ना खेळायला मिळे, ना शिकायला. ईरा त्याला "बेंच गाय" म्हणायची. कार्डाच्या मागे आकड्यांच्या जागी जवळजवळ सगळी मोकळी जागा.

माझा आणि ईराचा बेत साधा होता. तिसऱ्या डावाच्या सुमाराला मी घसा साफ केला आणि सतरंजीवरच्या लोकांना इतिहास सांगायला सुरुवात केली. राखून ठेवण्याचा नियम सांगितला. मग त्या खेळाडूची गोष्ट, ज्याला अनेक वर्षांच्या मुक्कामानंतर एक दिवस कळलं की आपल्याला दुसऱ्या गावाला देऊन टाकलंय, आणि जो म्हणाला की मी सामान नव्हे, मी जात नाही. देशातल्या सगळ्यात मोठ्या न्यायालयापर्यंत तो भांडला आणि हरला. तोवर त्याचे खेळायचे दिवस संपले होते. इथे मी थांबलो, दशमीचा तुकडा मोडला, लोकांना जरा हळहळू दिलं. मग त्या दोन गोलंदाजांची गोष्ट, ज्यांनी करारावर सहीच केली नाही. मालकांनी नियमाप्रमाणे वर्ष वाढवलं, हे दोघं सही न करता त्या वर्षात राहिले आणि वर्ष संपल्यावर म्हणाले, झालं तुमचं एक वर्ष, आता आम्ही मोकळे. लवादानं कागद वाचला आणि सांगितलं की एक वर्ष म्हणजे एकच वर्ष. मालकांचा एवढा मोठा किल्ला, आणि पडला तो साध्या वाचनानं. हे सांगताना मी उभा राहिलो होतो, हात पसरले होते, आणि मागची एक अमेरिकन बाई म्हणाली की तुमच्यामुळे मला बॅटर दिसत नाही.

"बस रे मिलिंद," प्रभुदेसाई म्हणाले. "रोख कुणाकडे आहे ते कळलं मला."

तेव्हा ईरा पुढे सरकली. खिशातून कार्ड काढून तिनं सतरंजीवर ठेवलं. "काका, यू स्टिल नीड धिस वन?"

प्रभुदेसाईंनी चष्मा लावला. हात चटणीचा होता म्हणून त्यांनी कार्डाला स्पर्श केला नाही, एवढा तो माणूस दर्दी. "कोपरे बघ कसे आहेत," ते कुजबुजले. "काय हवं तुला?"

"ट्रेड," ईरा म्हणाली. "हा तुम्हाला. शैलाआजी रेवतीमावशीला."

सतरंजी हसून लोळली. प्रभुदेसाईसुद्धा हसले, आणि हसता हसता कार्डाकडे बघत राहिले. माणूस पाघळतोय हे मला दिसत होतं. "एका प्रयोगापुरतं..." ते म्हणाले. मी मनातल्या मनात पडदा पाडायला दोरी धरली.

"मला कोणी विचारलं?"

आवाज मागून आला. काकू थर्मासमधून चहा ओतून घेत होत्या. त्या उठल्या, कप हातात घेऊन आमच्यासमोर आल्या. उन्हात त्यांच्या पांढऱ्या केसांची कड चमकत होती.

"एक पोरगा कागदावर छापलेला, त्याच्या बदल्यात मी?" त्या म्हणाल्या. "कसं रे मिलिंद, आत्ता सांगितलीस ना ती गोष्ट, सामान नव्हे म्हणणाऱ्याची. ऐकून राहिली होती मी मागे."

मी बसलो. ईरानं कार्ड हळूच उचललं आणि परत खिशात ठेवलं. "शी'ज राइट, बाबा," ती माझ्या कानात म्हणाली.

"तसं नाही काकू, मी परवानगी देतोच आहे," प्रभुदेसाई म्हणाले.

"परवानगी मागितली ती परवा. आज सांगायला आली. रेवतीला सकाळीच हो म्हटलं मी."

बॅटवर चेंडू बसल्याचा टणक आवाज आला, सगळं मैदान ओरडलं आणि आमच्या सतरंजीवर मात्र कुणी तिकडे पाहिलं नाही. प्रभुदेसाईंच्या तोंडाचा रंग बदलला होता. नियम, मंडळ, फूट, मसालेभात, यातलं काहीही त्यांना आठवत नव्हतं. त्यांना एकच भीती होती आणि ती खरी होती.

"मग आमच्या नाटकाला प्रॉम्प्टिंग कोण करणार, काकू?"

काकूंनी चहाचा घोट घेतला.

"पाठ करा," त्या म्हणाल्या.

त्यानंतरचे आठवडे मला अजून जसेच्या तसे दिसतात. बहार ओसरत होता, फुटपाथवर पांढऱ्या पाकळ्यांचा सडा, ऊन रोज थोडं जास्त. प्रभुदेसाई गाडीत एकटे बोलताना दिसायचे. सिग्नलला शेजारची गाडी थांबली की त्यातले लोक काच वर करायचे. त्यांच्या बायकोनं सांगितलं की माणूस अंघोळ करताना मोठमोठ्यानं माफी मागतो, नंतर कळतं तो तिसरा प्रवेश आहे. इकडे रेवतीच्या हॉलमध्ये काकूंच्या तालमी. मी त्यांना सोडायला जायचो आणि कधी दाराशी थांबायचो. संहिता त्यांच्या हातात पहिल्या दिवसापासून नव्हती.

ईराच्या खोक्यातल्या नव्या कार्डांवर तोवर आजच्या काळातले खेळाडू आले होते. आता नवी पोरं उचलायची असतात तेव्हा संघ आळीपाळीनं मागतात, आणि सगळ्यात हरलेल्यांना सहसा आधी मागायला मिळतं. आमच्या गल्लीत विटीदांडूला दोन कॅप्टन गडी मागून घ्यायचे, तसंच. आणि काही वर्षं खेळून झालेला माणूस मोकळा होतो, पाचदहा गावं बघतो, आपल्या अटी सांगतो. हल्ली लोक कुरकुरतात की आता निष्ठा राहिली नाही, खेळाडू कुठेही जातात. मी ऐकून घेतो. जायची मोकळीक असून जो थांबतो त्याच्या थांबण्याला काही अर्थ असतो, असं मला वाटतं. दाराला कुलूप असताना आत कोण किती प्रेमानं बसलंय हे कळायचं कसं?

प्रयोगाच्या दिवशी शाळेचं सभागृह भरलेलं. आमचं अख्खं मंडळ शत्रूच्या गोटात येऊन बसलं होतं, आणि पहिल्या रांगेत प्रभुदेसाई. पडदा उघडला. काकू लुगडं छातीशी धरून आल्या, दुकानाच्या उंबऱ्याशी थबकल्या आणि पहिलं वाक्य बोलल्या. इतकी वर्षं तो आवाज आम्ही कुजबुजीत ऐकला होता. पूर्ण उंचीचा तो आवाज मागच्या भिंतीला जाऊन लागला तेव्हा लोक खुर्चीत सावरून बसले.

मग शेवटाकडे ती जागा आली. दुकानदार विचारतो, "पण परत का करताय?" आणि काकू गप्प झाल्या. हात लुगड्यावर. नजर खाली. क्षण गेला, आणखी गेला. आमच्या रांगेत कुणीतरी श्वास ओढला. विसरल्या. मी प्रभुदेसाईंकडे पाहिलं तर ते खुर्चीतून अर्धे उठले होते, मान पुढे, ओठ उघडे. जन्मभर ज्या माणसाला शब्द पुरवले गेले तो आता शब्द पुरवायला धडपडत होता आणि त्याला ते ठाऊक नव्हते. काकूंनी हळूच लुगड्याची घडी उलटी केली, परत सुलटी केली, आणि दुकानदाराकडे बघून नुसत्या हसल्या. विसरल्या नव्हत्या. ती शांतता त्यांची होती. त्यांनी ती आम्हा सगळ्यांवर धरून ठेवली होती, आणि सोडली तेव्हा सभागृह कोसळलं. पहिले उभे राहिले प्रभुदेसाई. शिट्टीही त्यांचीच. पन्नाशीच्या पुढच्या अध्यक्षाला दोन बोटं तोंडात घालून शिट्टी वाजवताना मी तेव्हाच पाहिलं.

पुढच्या आठवड्यात आमची एकांकिका झाली. विंग रिकामी होती. प्रभुदेसाई एकदाच अडखळले आणि वाक्य स्वतःच बाहेर काढलं. आयुष्यातलं त्यांचं ते पहिलं खरं काम होतं, असं मी त्यांना तोंडावर सांगितलं. ते रागावले नाहीत. सभा बोलावून त्यांनी तो नियम काढून टाकला, आणि मसालेभात यापुढे दोन्ही ग्रुपांनी मिळून करायचं ठरलं.

याला आता बरीच वर्षं झाली. आज दुपारी मी काकूंकडे गेलो होतो. पोर्चमध्ये त्या खुर्ची टाकून बसल्या होत्या. प्रभुदेसाई माझ्याआधीच पोचलेले, हातात मिठाईचा डबा, समोरच्या पायरीवर बसलेले. पाडव्याला मुख्य भूमिका, तालमी काकूंच्या घरी, न्यायला-आणायला गाडी, वेशभूषा काकू म्हणतील तशी. अटी ते स्वतःच वाढवत चालले होते. काकू मधून मधून मान हलवत होत्या, हो म्हणून की ऐकतेय म्हणून, ते कळत नव्हतं.

"मग, धरू का मी?" प्रभुदेसाईंनी विचारलं.

"संहिता कुठे आहे?"

ते उठून गाडीपर्यंत जवळजवळ पळत गेले आणि फाइल घेऊन आले. काकूंनी ती दोन्ही हातांनी घेतली, वजन केल्यासारखी धरली. शेजारच्या टेबलावर रेवतीची संहिता सकाळीच येऊन पडली होती, तिच्यात खुणेची पट्टी अर्ध्यापाशी होती. काकूंनी रेवतीची उचलली, प्रभुदेसाईंची तिच्याखाली ठेवली, आणि चष्मा लावून खुणेचं पान उघडलं.